मंगळवारची किल्ली

"वेगळी किल्ली कशाला?" हेइनोने विचारलं,
"सोमवार आहे की सगळ्यांचा."
होताच. दारावर पाटीच होती तशी.
हापसालू गाव, अग्निशमन केंद्राचा पोटमाळा,
चौदा पुरुष, एक लोखंडी शेगडी,
आणि अकरा वर्षं कॉफी करणारी लीवी.

बिनतारी जगाची जुनी रीत:
प्रत्येक पुरुष म्हातारबा,
प्रत्येक बाई तरुणी, सत्तरी उलटली तरी.
लाडानंच म्हणतात.
लाडानंच मागून हात येतो, खांद्यावरून,
आणि ते बटण नीट करून जातो
जे आपण मुद्दाम तसं ठेवलेलं असतं.

वाईट कुणीच नव्हतं. हे लिहून ठेवते,
कारण नंतर सगळे तेच विचारतात.
भर नोव्हेंबरात, दोर कमरेला बांधून
माझ्या छपरावर अँटेना चढवली ती हेइनोनेच.
माझा पहिला संदेशही
त्यानेच पाठवला.
मी शेजारी बसले होते.

किल्ली मिळाली. सोबत चार पानी सूचना.
पान दुसरं: काही बिघडल्यास हात लावू नये, फोन करावा.

पहिल्या मंगळवारी आम्ही पाचजणी.
बंदरावर हिशेब लिहिणारी मारिका,
दातांची डॉक्टर उर्वे, तिच्यासोबत भाची केर्तू, नववीतली,
मी आणि लीवी.
अर्धा तास खुर्ची रिकामी.
"तू बस." "छे, तू बस."
जणू कुणाचा तरी रुमाल टाकून ठेवलाय तिच्यावर.

शेवटी मी बसले
आणि फ्यूज उडवला.

मिट्ट काळोख. शेगडीच्या फटीत तेवढी लाल रेघ.
मी मान खाली घालून थांबले
त्या सुस्काऱ्यासाठी,
जो सोमवारी असा वेळी सोडला जातो, हळूच, प्रेमानं.
तो आलाच नाही.
केर्तू म्हणाली, "परत उडव ना,
कसा उडतो ते नीट बघायचंय."

फोन केला नाही कुणी.
दिवे आले तेव्हा लीवीनं किटली खाली ठेवली,
हात स्कर्टला पुसले
आणि मोर्सच्या कळीवर दोन बोटं टेकवली.

कळीवरचा हात ज्याचा त्याचा असतो,
अक्षरासारखा. जाणकार कानांनी ओळखतात.
लीवीचा हात आम्ही कुणीच ऐकलेला नव्हता.
घाई नाही, अडखळणं नाही,
गप्पा मारता मारता मोजा विणावा
आणि टाच आपोआप वळावी, तसा.
"हेरिंगची बोट," ती म्हणाली, "नऊ वर्षं, अटलांटिकवर.
रात्रपाळी माझीच असायची."
"कधी बोलली नाहीस?"
"विचारायचे ना. साखर किती म्हणून."

पाऊण तासानं उत्तर आलं फॅरो बेटांवरून:
मार्युन, तरुणी, वय सदुसष्ट.
वारा फार. कुत्रा आजारी. तुमच्याकडे बर्फ पडलं का?
एवढंच.
एवढ्यासाठी पाचजणी एका हेडफोनला
कान लावून, एकमेकींच्या केसांत केस.
निरोपाला तिनं तेहेतीस पाठवलं, दोनदा,
डिट डिट डिट डा डा:
बाईनं फक्त बाईला द्यायचा आकडा.
माझ्या पुस्तकात तो होता, पान एकशे चार.
कधी लागलाच नव्हता.

कुणी म्हणतं, फूट पाडलीत.
कुणी म्हणतं, मंगळवारी कॉफी फार कडू असते.
ते खरं आहे.
लीवी आता करत नाही, आणि आम्हाला जमत नाही.

काल सोमवार होता.
मी खुर्चीत. कानात खरखर, खरखरीच्या तळाशी
कुणीतरी, बारीक, येतंय, जातंय.
खांद्यावरून ओळखीचा हात आला,
तंबाखूचा वास, बाहीचं तुटकं बटण.
"थांब," मी म्हणाले, मागे न वळता,
"अजून येतंय."

हात हवेतच राहिला.
मग त्यानं शेजारचं स्टूल ओढलं
आणि बसला.